माती नमुने – वही दुसरी

पहिल्यांदा तो आला तेव्हा त्याच्या हातात जेवणाचा डबा होता, आणि डब्यात माती होती.

मी तंजावरला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. शेतकरी आपापल्या शेतातली माती पिशवीतून घेऊन येतात. आम्ही तिच्यात नत्र किती, स्फुरद किती, नेमकं काय कमी आहे ते तपासून एका कागदावर लिहून देतो. काम मला आवडतं. माती उलटून बोलत नाही.

त्या दिवशी दुपारचा एक वाजला होता. बाहेर उन्हातच पावसाची भुरभुर चालली होती आणि मला कडकडून भूक लागली होती. कुणीतरी टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. झाकणावर, आमच्याकडे भांड्यांवर कोरून घेतात तसं, बारीक ठिपक्यांचं नाव. मला वाटलं, कुणाच्या तरी घरचा प्रसाद आला... मी मोठ्या आशेनं झाकण उघडलं. आत काळी ओली माती, आणि मातीत एक गांडूळ, माझ्याइतकंच दचकलेलं.

"हे काय?" मी तमिळमध्ये विचारलं.

"सॅम्पल," समोरचा म्हणाला. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असेल. उंच, आणि चष्म्यावर पावसाचे थेंब. चष्मा पुसायला त्यानं शर्टाचं टोक ओढलं, तर तेही ओलंच निघालं.

मग मी त्याला नियम ऐकवले. शेतात आठ-दहा ठिकाणी खणायचं, सगळी माती एकत्र करायची, सावलीत वाळवायची, अर्धा किलो कापडी पिशवीत भरायची. जेवणाच्या डब्यात नाही. गांडुळासकट तर नाहीच नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो पाठमोरा झाला आणि हळू आवाजात बोलू लागला –

"आई, काम झालें नाहीं. इथें एक बाई आहे, हेडमिस्ट्रेससारखी. डबा उघडून अशी पाहिली मज, जसें गांडूळ मींच जन्मास घातलें!"

"निदान आणलें तर तुम्हीच कीं," मी म्हणाले. आमच्या घरच्या मराठीत.

त्याचा फोन कानाशीच राहिला. कान मात्र लाल झाले. हळूच वळून तो म्हणाला, "तुम्ही... आपल्यातल्या?"

"हेडमिस्ट्रेस आपल्यातल्या असूं नयेत?"

आणि तो हसला. मोठ्यानं नाही – आधी डोळे हसले, मग नाइलाज झाल्यासारखे ओठ. तंजावरात मराठी घरं मोजकी, त्यातली बहुतेक मी ओळखते. हा चेहरा कुठून उगवला, कळेना. फॉर्मवर नाव लिहिलं – वरुणराव. शेत तिरुवैयारूच्या अलीकडे, कालव्याच्या काठी. वडील निवृत्त होऊन सहा महिन्यांपूर्वी तिरुचीहून सगळे इकडे परत आलेले. तो इथल्या एका शाळेत भूगोल शिकवतो.

"भूगोल शिकवतां, आणि मातीचें हें असें?"

"वर्गांत माती फळ्यावर असते हो," तो म्हणाला. "ओली नसते."

गडबडीत तो डबा विसरून गेला. मी माती बाहेरच्या जास्वंदीला घातली, गांडुळालाही तिथेच सोडलं, डबा घासला आणि... आणि तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्यांदा तो कापडी पिशवी घेऊन आला, नियमाप्रमाणे. माती तपासली, सगळं ठीक. आठ दिवसांनी तिसऱ्यांदा आला, म्हणे शेताच्या पूर्वेकडची माती वेगळी दिसते. तपासली; तीही ठीक. दर वेळी कागद हातात पडल्यावर तो उभ्या उभ्या दोनदा वाचायचा, कुठे काही खोट सापडते का म्हणून.

"डबा राहिला होता माझा," दुसऱ्या वेळी त्यानं विचारलं होतं.

"शोधून ठेवतें," मी म्हणाले. डबा माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

तिसऱ्या वेळी त्यानं डब्याचं नावही काढलं नाही. माझ्या टेबलावरच्या वहीकडे मात्र बोट दाखवलं. लांबट, पुठ्ठ्याची वही, तिला तपकिरी कव्हर, कव्हरवर लेबल – 'माती नमुने – वही दुसरी.'

"मीं आलों तेव्हां तुम्ही हिच्यांत लिहीत होतांत."

"नोंदी असतात."

"मातीच्या नोंदी कोणी असें गालांत हसून लिहितें?"

मी वही मिटली. तो गेला. आणि त्याच्या चपला पायरीवरून उतरतात न उतरतात तोच मी वही पुन्हा उघडली.

आता सांगून टाकते. मी गोष्टी लिहिते.

गेली सात वर्षं लिहिते आहे. घरच्या मराठीत, पण तमिळ अक्षरांत. कारण नागरी मला हिंदीच्या परीक्षांपुरती येते, आणि भरभर धावायचं म्हटलं की हात तमिळकडेच वळतो. आजवर एकही गोष्ट कुठे छापून आली नाही. येणार कशी? महाराष्ट्रातल्या संपादकाला अक्षरं कळायची नाहीत, आणि इथल्या संपादकाला अक्षरं कळून भाषा कळायची नाही. दोन्ही कळतात ती फक्त आमचीच माणसं. म्हणजे जगात माझी गोष्ट वाचू शकणारे जेवढे म्हणून लोक आहेत, ते सगळे मला नाहीतर माझ्या आईला ओळखतात! असे वाचक कुठल्या लेखकाला हवेत? म्हणून मी कुणालाच काही दाखवलं नाही. आईनं उघडू नये म्हणून वह्यांवर ऑफिसची लेबलं लावली, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश राहिले.

वाईट वाटायचं का? कधी कधी. एखादं वाक्य जमून गेलं की वाटायचं, कुणाला तरी ऐकवावं. मग मी ते स्वतःलाच ऐकवायचे, स्वतःच 'वा' म्हणायचे आणि झोपायचे.

दुसऱ्या वहीतली शेवटची गोष्ट त्याची होती. नावं अर्थातच बदललेली. प्रयोगशाळेतली मुलगी नीला, माती आणणारा मुलगा मुरली. बाकी सगळं जसंच्या तसं – भुरभुर पाऊस, चष्मा, गांडूळ. गोष्टीत तो चौथ्यांदाही येतो आणि नीला शेवटी त्याला एक प्रश्न विचारते. तिथे माझं पेन अडलं होतं. कारण मुरली काय उत्तर देईल, हे मला खरंच ठाऊक नव्हतं... आणि खऱ्या आयुष्यात चौथी खेप अजून झालीच नव्हती.

नवरात्र आलं. यंदा आमच्याकडे कोलू, म्हणजे पायऱ्यांवरची बाहुल्यांची आरास, मांडला नाही. घटाच्या आदल्याच दिवशी, अमावास्येला, ओरत्तनाडूच्या काकांना नात झाली आणि आम्हाला दहा दिवसांचं सोयर लागलं. देवाला हात लावायचा नाही, पूजा करायची नाही. आई बाहुल्यांची पेटी नुसती उघडून बघायची आणि पुन्हा मिटायची.

नवमीला सरस्वतीपूजा. त्या दिवशी घरातली सगळी पुस्तकं देवीपुढे रचतात, वर हळदकुंकू, फुलं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या सकाळपर्यंत पुस्तकाला कुणी हात लावत नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बसचं तिकीटसुद्धा बघायचं नाही असं माझी आई म्हणते. विजयादशमीला पुन्हा पूजा करून पुस्तकं उतरवतात, आणि ज्याच्या हाती जे लागेल त्यातल्या चार ओळी मोठ्यानं वाचायच्या. वर्षाच्या वाचनाची ती सुरुवात.

नवमीच्या सकाळी मी केस पुसत बाहेर आले. आई, म्हणजे नागलक्ष्मी, रिकाम्या बैठकीवर समाधानानं बसली होती.

"पुस्तकें कुठें गेलीं गे?"

"दिलीं पूजेस," ती म्हणाली. "आपल्या घरीं पूजा नाहीं म्हणून पुस्तकांनी काय पाप केलें? सरोजामामी म्हणाली, आमच्यांत ठेव. तिच्या दारच्या ओट्यावर, तिण्णैवर नेऊन ठेवलीं, तिनें आंत नेलीं."

"कोणतीं?"

"तुझ्या अप्पांची पोथी, माझीं गाण्यांचीं पुस्तकें... आणि तुझी ती ऑफिसची वही. मातीची. ज्या वहीवर आपलें घर चालतें, तीच नको ठेवूं? सगळ्यांत वर ठेव म्हणून सांगितलें."

माझ्या हातातला पंचा खाली पडला. "आणि ही सरोजामामी... कोण?"

"अय्यो, तुज ठाऊक नाहीं? भजनांत येते ती. तिरुचीहून आलेली. तिचा मुलगा शाळेंत भूगोल शिकवतो."

मी छत्री न घेताच निघाले.

त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून. दाराला आंब्याचं तोरण, आतून प्रसादाला केलेल्या चण्याच्या सुंडलचा खमंग वास, आणि कुणाचा तरी घंटेसारखा खणखणीत आवाज – वर्तमानपत्र बंद म्हणून कुणीतरी पाठ असलेलं स्तोत्र म्हणत होतं. मी तिण्णैच्या खाली, गल्लीतच उभी राहिले. सोयरात दुसऱ्याच्या पूजेच्या घरात कसं शिरायचं? पाऊस बारीक पडत होता.

वरुण बाहेर आला. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला चंदन. मला पाहून तो एकदम थांबला, आणि मग त्याचे डोळे हसले.

"हेडमिस्ट्रेस! आज माझी माती पाहायास तुम्हीच आलांत?"

"माझी वही तुमच्याकडें आली आहे. चुकून. ती मज परत पाहिजे."

"पूजा झाली कीं हो. आतां उद्यां सकाळीं."

"ठाऊक आहे. तरी..."

तो तिण्णैच्या कडेला येऊन बसला. पन्हळीचं पाणी आमच्या दोघांच्या मध्ये गळत होतं. "तुम्ही वर येत नाहीं?"

"सोयर आहे. उद्यां सकाळीं न्हालें कीं संपेल."

"म्हणजे वही मज हलवतां येत नाहीं, आणि तुम्हांस आंत येतां येत नाहीं." त्यानं गंभीरपणे मान हलवली. "आहे काय त्या वहींत?"

"माती नमुने."

"मग एवढ्या घाबरलांत कशास?"

माझ्या नाकावरून पाण्याचा थेंब ओघळला. तो पुसायचंही मला सुचलं नाही. त्यानं ते पाहिलं, आणि त्याची चेष्टा विरून गेली.

"उद्यां पहिलें पुस्तक अप्पा उचलतात," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळ्यांत वरचें. आणि ते वाचतात ते... ऐकतांच आहांत तुम्ही." आतून तो घंटेसारखा आवाज येतच होता. "तुमची वही वर आहे. आई-अप्पा आतां जेवायास बसतील. मीं हळूच काढून आणून देऊं?"

देऊं का – किती सोपं होतं हो म्हणणं! दोन मिनिटांचं काम. पण तो उठायला लागला आणि मला काय झालं कोण जाणे. सात वर्षं मी त्या वह्या लपवल्या. त्या कधी कुठल्या देवीपुढे, फुलाखाली बसतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा माझ्या गोष्टींवर कुणीतरी कुंकू वाहिलं होतं, आणि मी त्यांना चोरासारखं मागच्या दारानं न्यायचं?

"नको," मी म्हणाले. "राहूं दे."

"नक्की?"

"तिथून उचलली तर पुन्हां अक्षर लिहितां येणार नाहीं मज. वेडेपणा म्हणा पाहिजे तर."

तो मला वेडी म्हणाला नाही. नुसतं बघत राहिला, आणि मला माझ्या ओल्या केसांची फार लाज वाटली.

"मग उद्यां अप्पांच्या आधीं मीं उचलतों," तो म्हणाला. "सरि? ठीक?"

"सरि. आणि तुम्ही वाचायचें नाहीं."

"आज तर सगळ्या गांवास वाचायची बंदी! वर्षांतून एकच दिवस तुमची वही अशी सुखरूप असते." तो उठला, आत गेला आणि छत्री घेऊन आला. मला शिवायचं नाही म्हणून ती त्यानं खालच्या पायरीवर ठेवली आणि चार पावलं मागे सरकला. मी छत्री उचलली. "परत आणून द्यायची हं," तो म्हणाला. "डब्यासारखें नको."

घरी जाईपर्यंत मी छत्री उघडलीच नाही.

विजयादशमीला पहाटे उठून मी न्हाले आणि सातला आईसोबत त्यांच्या दारात हजर झाले. या वेळी तिण्णै चढून आत गेले. कोलूच्या पायऱ्यांवर मातीच्या बाहुल्या, खाली पुस्तकांची चळत, आणि सगळ्यात वर, हळदीच्या बोटांनी नटलेली, माझी वही. सरोजामामी गोल चेहऱ्याच्या, लगबगीच्या. वरुणचे अप्पा कृष्णस्वामीमामा शिडशिडीत, एवढ्याशा देहात तो एवढा आवाज कुठे राहतो याचं नवल वाटावं असे. भजनातल्या तीन-चार बायकाही आल्या होत्या. पूजा झाली, कापूर विझला. वरुणनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'काळजी नको' म्हटलं आणि चळतीकडे हात नेला.

मामांनी त्या हातावर चापट मारली. "थोरांनीं आधीं!"

आणि वही त्यांच्या हातात गेली.

"माती नमुने," त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं. "वा! शेतकऱ्याच्या घरीं मातीपासून सुरुवात. उत्तम!" त्यांनी वही मधूनच कुठेतरी उघडली आणि गळा साफ केला. मला वाटलं, जमीन दुभंगावी... निदान दिवे तरी जावेत.

"'पहिल्यांदां तो आला तेव्हां त्याच्या हातांत जेवणाचा डबा होता,'" मामा खणखणीत वाचू लागले, "'आणि डब्यांत माती होती.'"

ते थांबले. पान जवळ नेलं, लांब धरलं. "ही तर आपली भाषा! घरची! तमिळांत लिहिली आहे... गोष्ट आहे ही!"

"गोष्ट? आपल्या बोलण्यांत?" एक बाई म्हणाली. "वाचा कीं मग!"

मामा वाचू लागले. माझं वाक्य, माझ्या डोक्यात सात वर्षं कुजबुजत राहिलेल्या आवाजातलं, त्या घरभर घुमू लागलं. मी आईच्या पाठीमागे सरकले. मुलगी डबा उघडते तिथे ते पोचले, गांडूळ निघालं, आणि... सगळ्याजणी हसल्या. खळखळून. सरोजामामींनी पदर तोंडाला लावला. मी मनात मोजून ठेवलेल्या जागीच हसल्या! माझी भीती तशीच होती, पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी ऊबदार येऊन बसलं. कसं सांगू? मला आनंद झाला होता. घाबरून गारठलेली असतानाही मला मनापासून आनंद झाला होता.

नावं बदललेली आहेत, मी स्वतःला सांगत होते. कुणाला काही कळायचं नाही.

"'डबा जुना होता,'" मामा रंगात आले होते, "'झांकणावर ठिपक्यांनीं कोरलें होतें – सरोजा, एकोणनव्वद.'"

हसणं थांबलं.

मेले! नीला बदलली, मुरली बदलला, आणि डबा तसाच राहिला. तपशील खरा असावा म्हणून मी तो झाकणावरून बघून उतरवून घेतला होता, आणि तेव्हा ही सरोजा कोण ते कुठे माहीत होतं!

"माझा डबा!" सरोजामामी ओरडल्या. "माझ्या लग्नांतला डबा! दोन महिने सगळें घर उलथें केलें मीं!" मग त्या मुलाकडे वळल्या. "आणि तूं रे? तूं तर म्हणालास, बसमध्यें विसरलों! आतां शोधूं नको म्हणालास!"

मी आईच्या खांद्यावरून वरुणकडे बघितलं. कान पहिल्या दिवसासारखेच लाल झाले होते. म्हणजे डबा कुठे आहे हे त्यालाही ठाऊक होतं... आणि त्यालाही तो परत नको होता.

मामांनी चष्म्यावरून आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वही कुणाच्या घरून आली हे त्यांच्या ध्यानात आलंच होतं.

"अप्पा, पोदुम," वरुण म्हणाला. "पुरे. लिहिली आहे तिनें. पुढें वाचायचें कीं नाहीं, तिला विचारा."

मामांनी वही मिटली नाही. उघडीच माझ्यापुढे धरली. "वाचणारा मीं, लिहिणारी तूं. सांग बाळ, थांबूं?"

आईचा हात मागे आला आणि त्यानं माझी बोटं धरली. तिला आजवर मी एक ओळ दाखवली नव्हती. पुढच्या पानावर काय आहे ते मला ठाऊक होतं. थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते, सुंडल वाटलं गेलं असतं, आणि मी वही घेऊन घरी गेले असते. आणि आयुष्यभर एकटीच 'वा' म्हणत बसले असते.

"मीं वाचतें," मी म्हणाले.

मी कुणाकडेही न बघता वाचलं. मुरलीची दुसरी खेप, तिसरी खेप. "'डबा शोधून ठेवतें, असें नीला म्हणाली. डबा तिच्या ड्रॉवरमध्यें होता. परत दिला, तर तो पुन्हां येईल कशास?'" इथे एक बाई 'अय्यो' म्हणाली, फार प्रेमानं. मी वाचत राहिले. "'चौथ्यांदां तो आला तेव्हां नीलानें कागद बाजूस ठेवला. म्हणाली, तीनदां तपासली तुमची माती. नत्र आहे, स्फुरद आहे, सगळें आहे. मग सांगा तरी, तुमच्याकडें कमी काय आहे?'"

मी वही मिटली.

"पुढें?" सरोजामामींनी विचारलं. त्या डबा विसरून पुढे सरकून बसल्या होत्या. माझ्या लेखनावरचा तो पहिला अभिप्राय, आणि मला वाटतं, याहून चांगला पुढेही मिळायचा नाही.

"पुढें लिहिलेंच नाहीं, मामी. तो काय उत्तर देईल तें मज ठाऊक नाहीं."

मग मामींनी खाकरून शेजारचं ताट पुढे ओढलं. ताटात कोरे तांदूळ पसरले होते. विजयादशमीला लहान मुलं तांदळात पहिलं अक्षर गिरवतात. या घरात थोरांचीही तीच रीत होती. पेन हातात धरण्याआधी प्रत्येकानं तांदळात बोटानं एकेक शब्द लिहायचा, आणि ताट हलवून पुढच्याला द्यायचं. मामांनी 'श्री' लिहिलं. माझ्या आईनं नातीचं नाव अजून ठरलं नाही म्हणून नुसतं 'बाळ' लिहिलं. ताट फिरत फिरत वरुणकडे आलं.

त्यानं ते मांडीवर घेतलं. चष्मा काढून पुसला, या वेळी कोरड्या वेष्टीला. मग बोट टेकवलं आणि सावकाश, भूगोलाचे मास्तर फळ्यावर लिहितात तसं, नीट लिहिलं. ताट हलवलं नाही. तसंच उचलून माझ्यासमोर आणून ठेवलं.

"चौथी खेप," तो म्हणाला. "उत्तर लिहून आणलें आहे. कमी काय आहे तें."

तांदळात तीन अक्षरं होती. अखिला.

नीला नव्हे. माझं नाव, माझं खरंखुरं नाव. मी ते किती वेळ बघत होते कोण जाणे. माझ्या डोळ्यांतलं पाणी तांदळात पडेल म्हणून मी मान वर केली, तर तो समोरच बसलेला, निकालाच्या कागदाची वाट बघत उभा राहायचा तसाच उत्सुक चेहरा करून.

"तपासून सांगा," तो पुटपुटला.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "फार कमी आहे. लवकर कांहीं करावें लागेल."

सरोजामामींनी आमच्या मध्ये वाकून ताटात बघितलं. मग माझ्या आईकडे बघितलं, आईनं त्यांच्याकडे. भजनात एकमेकींचा सूर धरतात तसं काहीतरी त्यांच्यात झालं.

"अक्षर बरें आहे," मामी म्हणाल्या. "आण तें ताट. पायसास तांदूळ पाहिजे."

"आई, थांब!"

"काय थांब? सरस्वतीचा तांदूळ आहे, पोटांतच जायास पाहिजे." आणि ताट उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. आमचं उत्तर गुळात आणि दुधात शिजत राहिलं, वेलचीचा वास बाहेर येईपर्यंत. तोवर मामांनी मला विचारून वही पुन्हा घेतली आणि पहिल्या पानापासून, पहिल्या गोष्टीपासून, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वरुण माझ्या शेजारी येऊन बसला. मधे फक्त त्याची छत्री होती. मी ती परत आणली होती.

"डबा?" त्यानं हळूच विचारलं.

"शोधून ठेवतें," मी म्हणाले.

पायसाच्या मी तीन वाट्या खाल्ल्या.